गीतकार : पारंपरिक

माझं गाणं मी जामसरच्या एका हळदीत ऐकलं, तेव्हा ते पारंपरिक झालेलं होतं.

दुपारचे तीन वाजले असतील. मांडवाखाली बायका नवरीला हळद लावत होत्या आणि डीजेवाल्याने बॉक्स इतके मोठे लावले होते की हळदीची वाटी पाटावर आपोआप सरकत होती. तो माइकवर म्हणाला, "आता होऊन जाऊ दे आपलं जुनं आदिवासी गाणं!" आणि बॉक्समधून माझा आवाज आला. माझाच. थोडा पातळ केलेला, पण स्वतःचा आवाज माणसाला कळतो.

"माघी?" माझा आवाज म्हणाला.

"हजर!" सगळ्या पोरी ओरडल्या आणि खाली ढोलाचा ठेका सुरू झाला. मग त्या एकमेकींची नावं घालून ओरडायला लागल्या. नवरी? हजर! वरमाय? हजर! एक म्हातारी पदर खोचून मध्ये आली तर तिचंही नाव घेतलं. सगळा मांडव हसत होता. मी हातात पत्रावळ घेऊन उभी होते ती तशीच उभी राहिले.

डीजेवाल्याकडे जाऊन त्याचा मोबाइल बघितला. वर लिहिलं होतं, हजर हजर, आदिवासी हळदी मिक्स. संगीत, ठाण्याचा कुणी भावेश. आणि खाली, गीतकार : पारंपरिक.

मी तेवीस वर्षांची आहे. पारंपरिक व्हायला निदान मरावं तरी लागत असेल, असा माझा समज होता.

हे गाणं आमच्या बँडचं. बँडचं नाव करपा. भातावर पडतो तो करपा. एका पानावर दिसला की चार दिवसांत सगळं शेत बसवतो. नाव मी ठेवलं. आम्ही तिघं. कमलेश भिवंडीच्या गोदामात दोन वर्षं काम करून परत आला, तो एक सेकंडहँड गिटार आणि मोबाइलभर आरडाओरडा घेऊन आला. याला पंक म्हणतात, असं त्याने सांगितलं. तीन सूर येत असले की भागतं, चौथा आला तर लोक संशय घेतात. गोरख लग्नांत बँजो पार्टीत ड्रम वाजवायचा, त्याला ओढला. मला एकही सूर येत नव्हता, म्हणून मी गायिका झाले. कमलेश म्हणाला होता, "सूर राहू दे, राग आहे ना?" राग माझ्याकडे भरपूर होता.

आमचा अल्बम एकवीस मिनिटांचा. आठ गाणी. एक कोरड्या नळावर, एक मुकादमावर, एक माझ्याकडे रोज बघणाऱ्या ग्रामसेवकावर, त्यात शिव्याच जास्त. मोखाडा-जव्हार जीपवाल्यांना आम्ही पेनड्राइव्हमध्ये घालून फुकट वाटला. एका ड्रायव्हरने तो खोडाळ्याच्या फाट्यावर खिडकीतून फेकून दिला, कारण मागे बसलेल्या गुरुजींनी भाडं द्यायला नकार दिला. आम्ही त्या दिवशी भजी खाऊन तो प्रकार साजरा केला.

आठवं गाणं होतं 'हजेरी'. बाकी सात गाणी मी रागाने लिहिली, हे एक रडत लिहिलं.

माघी कमलेशची धाकटी बहीण आणि माझी मैत्रीण. आश्रमशाळेत पहिलीपासून आम्ही एका गादीवर झोपलो. दहावीला असताना तिला ताप आला. अधीक्षकांनी पांढरी गोळी दिली. दुसऱ्या दिवशी परत पांढरी गोळी. मी तीनदा ऑफिसात जाऊन सांगितलं की ती आता बोलत नाही. चौथ्या दिवशी जीप मिळाली आणि घाटातच ती गेली. मी वर्गाची मॉनिटर होते, हजेरीपट ऑफिसातून वर्गात न्यायचं काम माझं. माघीला माती देऊन आल्यानंतर अकरा दिवस तिच्या नावापुढे 'ह' लिहिलेला मी रोज बघत होते. अकरा दिवस ती हजर होती. कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही; हजर पोरांमागे शाळेला पैसे मिळतात, हे नंतर कळलं. पुढे कागदावर असं झालं की ती घरूनच आजारी आली होती आणि घरच्यांनीच नेली.

गाणं तेवढंच आहे. मी विचारते आणि बाकीचे ओरडतात.

माघी? हजर! अंगात ताप? हजर! पांढरी गोळी? हजर! जीप आली का? हजर! मातीत गेली? हजर! हजर! हजर!

लिहिल्यावर मी पहिल्यांदा ते गोदीकाकीला म्हणून दाखवलं. गोदीकाकी म्हणजे माघीची आणि कमलेशची आई. माघी गेल्यावर तीन महिन्यांनी तिला त्याच आश्रमशाळेत रोजंदारीवर स्वयंपाकाला लावून घेतलं होतं. लोक म्हणाले, बरं झालं. मला ते कधीच बरं वाटलं नाही, पण काकीला कोण बोलणार? ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी गाणं म्हटलं, ओरडून नाही, साधंच. तिने सूप खाली ठेवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "नाव घेतेस तं तिचाच घे. बदलू नको."

मी शब्द दिला. माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं.

रेकॉर्डिंग साखरशेतला गोरखच्या मामाच्या भात गिरणीत केलं. सगळीकडे कोंडा. तिसऱ्या गाण्यात मी खोकते, ते तसंच ठेवलंय. एक माइक, आणि सगळं एका दमात, चुकलं तरी थांबायचं नाही, असा नियम. हा नियम काही आम्ही इंटरनेटवरून आणला नव्हता. 'हजेरी'मध्ये तारपा वाजवायला लाडक्यामामा आला होता, म्हणजे आमच्या पाड्याचा तारपकरी, आणि तारपा एकदा फुंकला की मध्ये सोडत नाहीत. वाळलेल्या दुधीतून आणि बांबूतून तो आवाज निघतो तेव्हा मामाचे गाल फुगलेलेच राहतात, श्वास कधी घेतो ते दिसत नाही. त्याने एकच अट घातली. तारपा वाजत असेल तोवर त्याच्याकडे कुणी पाठ करायची नाही. फेरात कुणी करत नाही, मग इथेही नाही. कमलेशला गिटारच्या डब्याची बटणं फिरवायला वळावं लागायचं, म्हणून आम्ही तो डबा उचलून मामाच्या पायाशी ठेवला.

गाणं सुरू झालं आणि गिरणीच्या दारात दळणाला आलेल्या सात-आठ बायका उभ्या होत्या, त्या आत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. तारपा ऐकला की हात धरायचे, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी हात धरले, फेर धरला आणि दुसऱ्या ओळीपासून 'हजर' ओरडायला लागल्या. रेकॉर्डवर जो दणका ऐकू येतो तो त्यांच्या पायांचा आहे. गाणं संपल्यावर कमलेश भिंतीकडे तोंड करून रडला. मी पाहिलंय ते, म्हणून पुढचं मला जास्त लागलं.

मग आला नावांचा प्रश्न. अल्बमवर नावं कुणाची घालायची? कमलेश म्हणाला, गीतकार रविना, असं लिहू. मी तावातावाने भांडले. म्हटलं, फेरात पुढे कोण असतं? ज्याने हात धरला त्याचा फेर. त्या बायकांची नावं आपण विचारलीसुद्धा नाहीत आणि माझं नाव वर टाकायचं? फक्त 'करपा' लिहा, बाकी कुणाचं नाव नको. मला तेव्हा मी फार थोर वाटले. शहरातला कुठलाही पोरगा आधी स्वतःचं नाव टाकेल, आम्ही तसले नाही, असं मी तिघांच्या मीटिंगमध्ये भाषणच ठोकलं. दार मीच उघडं ठेवलं.

हळदीतून मी न जेवता निघाले आणि जव्हारला गेले. एसटी स्टँडजवळ कमलेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो कुणाचा तरी फोन उघडून बसला होता.

"पारंपरिक कोण रे?" मी विचारलं.

त्याने 'काय झालं' असं विचारलं नाही. तिथेच मला कळलं.

"भावेशचा फोन आला होता," तो खाली बघूनच बोलला. "त्याला गाणं आवडलं. गीतकार कोण विचारलं. मी पारंपरिक सांगितलं."

"का?"

"तूच म्हणालीस ना, नाव नको."

"माझं नको म्हटलं होतं. माघी पारंपरिक आहे का? अरे, पाचवीत तू तिच्या दप्तरात बेडूक घातला होतास. आणि हजेरी घेतात त्या गाण्यात! आपल्या आज्या कुठल्या आश्रमशाळेत होत्या?"

"लोक नाचतात रविना. विचारत नाहीत."

"काय मिळालं तुला?"

"काहीच नाही. आईशपथ, काहीच नाही."

तेच तर मला सहन झालं नाही. त्याने काही घेतलं असतं तर मी चार शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलले नसते आणि मग गरज होती म्हणून सोडून दिलं असतं. फुकट केलंय म्हटल्यावर शिवी कुठली द्यायची? मी काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला.

"तू तिचा भाऊ आहेस," मी म्हटलं. "गिरणीत रडलास तू."

"आयला विचार," तो म्हणाला आणि ते फोनचं पोट परत उघडून बसला.

आईच्या पदराआड लपतोय, असंच मला वाटलं. एवढा मोठा घोडा झाला, पंक वाजवतो, आणि आयला विचार! ठीक आहे, विचारते. गोदीकाकीला सांगायचं की तुझ्या मुलाने काय केलंय, मग ती त्याचा कान धरेल आणि माझी बाजू घेईल. मी अगदी खात्रीने मोखाड्याची जीप धरली. बाजाराचा दिवस होता. काकी शाळेच्या टेम्पोबरोबर भाजी घ्यायला येते हे मला माहीत होतं.

ती बटाट्यांपाशी बसली होती. हिरवे पडलेले बटाटे एकीकडे काढत होती. मी शेजारी उकिडवी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. हळद, डीजे, पारंपरिक, कमलेश. तिचा हात थांबला नाही.

"मीच सांगला त्याला," ती म्हणाली.

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. म्हणून मी परत सांगायला लागले.

"ऐकला मी. मीच सांगला." तिने एक बटाटा नखाने टोकरून पाहिला. "अधीक्षक साहेब सैपाकघरात आला. भात लावला होता मी. त्याने मोबाइल ओट्यावर ठेवला आन सगळा गाना लावला, पहिल्यापासून. मंग विचारतो, गोदाबाई, ही माघी कंची? मी म्हनले, जुना गाना हाय साहेब, आमच्यात म्हनतात. तोंडातून गेला. तो म्हनला, जुना असेल तं बरा हाय. मंग आता तो जुना करायलाच पायजे ना? म्हनून कमलेशला सांगला, लिही तसा."

"काकी, तूच म्हणालीस, तिचंच नाव घे. बदलू नको म्हणालीस."

"म्हनले होते. तू घेतलास. मी ऐकला. बास झाला."

"बास कसं झालं?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "माघीच्या पाठची शीला आता नववीत हाय. तठंच झोपते. तिला ताप आला तं जीप कोन बोलावणार, तू? जूनला माना परत कामाला घ्यायचा का नाय, ते पन तोच ठरवतो. मी सैपाकघरात हाय म्हनून रातचा तिच्या अंगाला हात लावून बघता येतो. माघीच्या टायमाला मी नव्हते तठं."

तरी माझा राग गेला नाही. हे मला लिहायलाच हवं. तिचं खरं होतं आणि तरी तिने मला दगा दिला होता. तिने आणि कमलेशने दोघांनी मिळून ठरवलं, आणि मला विचारलं नाही. मी हळदीत जाऊन, डीजेच्या मोबाइलवर वाचून शोधलं. सहा वर्षं मी ज्यांच्यासाठी ओरडत होते ते घरात बसून माझं ओरडणं जुनं करत होते.

"ऐतवारी तो भावेश येनार हाय, शाळंवर शूटिंगला," काकी बटाटे पोत्यात भरत म्हणाली. "साहेब म्हनला, ती रविना कोन हाय, तिला बोलव. तिनेच लिवलाय असा लोकं बोलतात. तिच्याच तोंडून जुना होऊ दे."

"मी नाही येणार."

"ये," ती म्हणाली. विनवणी नव्हती. पोत्याचं तोंड बांधता बांधता बोलली.

रविवारपर्यंतचे तीन दिवस मी तयारी केली. गोरख म्हणाला, "कॅमेरा समोर आहे ना, मग सांगून टाक. एकदा बाहेर गेलं की परत आत येत नाही." मलाही तेच वाटत होतं. मी वाक्यं पाठ केली. माघी कुठल्या गावची, कितवीत होती, ताप कधी आला, गोळी किती वेळा दिली, हजेरी किती दिवस लागली. रडायचं नाही, ओरडायचं नाही. नीट, सावकाश, नावानिशी. शीलाला काही झालं तर काय, हा विचार आला की मी स्वतःला म्हणायची, उलट सगळ्यांना कळलं की तिच्याकडे वाकडं बघायची हिंमत कुणी करणार नाही. दिवसा हे पटायचं.

शाळेच्या मैदानात पोरींना भाड्याची लुगडी नेसवून ओळीत उभं केलं होतं. शीला तिसरी. सगळ्यांच्या केसांत एकसारखी प्लॅस्टिकची फुलं. कमलेशच्या हातात तारपा दिला होता. त्याला तारपा वाजवता येत नाही; नुसता तोंडाला लावून डोलायचं होतं. लाडक्यामामाला विचारलं होतं, तो आला नाही. कमलेश ओळीकडे पाठ करून कॅमेऱ्यासमोर उभा होता आणि माझी नजर चुकवायला त्याला तारप्याची फार मदत होत होती.

भावेश वाईट माणूस निघाला असता तर सोपं गेलं असतं. तो माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, घामाघूम झालेला, मला ताई म्हणत होता. "ताई, तुमचा आवाज काय आहे! काळजातून येतो," तो म्हणाला. माझ्या कॉलरला त्याने स्वतः माइक लावला, खुर्ची सावलीत ओढली. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. मागे अधीक्षक हात बांधून उभे होते. सहा वर्षांत त्यांचे केस पांढरे झाले होते. स्वयंपाकघराच्या दारात गोदीकाकी, कोपरापर्यंत पीठ. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती ओळीतल्या तिसऱ्या पोरीकडे बघत होती.

"नाव सांगा ताई."

"रविना."

"हे गाणं तुम्ही कुणाकडून शिकलात?"

पहिलं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. माघी, गोदाबाईची मुलगी, इयत्ता दहावी. मी तोंड उघडलं. शीला आमच्याकडेच बघत होती. हसायला सांगितलं म्हणून हसत होती, आणि तिचे पुढचे दोन दात थेट माघीसारखे थोडे एकमेकांवर चढलेले आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ऊन तिच्या तोंडावर होतं. तिने डोळे बारीक केले होते, पण ती ओळ मोडत नव्हती, कारण अधीक्षकांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"आजीकडून," मी म्हणाले.

अधीक्षकांनी हाताची घडी सोडली. भावेशने मान डोलावली. "वा. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं."

"हो."

मला कमलेशचा राग होता, काकीचा होता, अधीक्षकांचा तर होताच. तिघांनी मला फसवलं हे मी तीन दिवस घोकत होते. आता त्यांतल्या कुणाकडे बोट दाखवायचं ते मला समजेना. काकी दारातून आत गेली. तिला पुढचं ऐकायची गरज राहिली नव्हती.

"आणि एक शेवटचं," भावेश म्हणाला. तो मनापासून विचारत होता, पुढे वाकून. "गाण्यात ही माघी कोण आहे? काही कथा आहे का तिच्यामागे?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "गाण्यात घालायला एक नाव लागतं."